दोजोच्या दारात उभे असताना: जपानी तलवारविद्येच्या पहिल्या तीन वर्षांसाठी मार्गदर्शन

जपानी तलवारविद्या शिकायची आहे, सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले की मी आधी त्यालाच एक प्रश्न विचारतो: पुढील तीन वर्षे आठवड्यातील कोणत्या दोन संध्याकाळी तुम्ही या कामासाठी राखून ठेवू शकाल? बहुतेकांना हा प्रश्न अनपेक्षित वाटतो, कारण त्यांच्या मनात वय, ताकद, चपळाई किंवा जपानी भाषेचे ज्ञान यांविषयीच्या शंका असतात. या शंकांपैकी एकही खरी अडचण नाही. चाळिशीनंतर सुरुवात करणारी माणसे दोजोमध्ये, म्हणजे सरावाच्या जागी, नेहमी भेटतात, आणि आज्ञांपुरती जपानी भाषा महिन्याभरात कानावर रुळते. ठरलेल्या वारी न येणाऱ्या माणसाला मात्र कोणताही गुरू शिकवू शकत नाही, कारण ही विद्या एका शरीरातून दुसऱ्या शरीरात, समोरासमोर उभे राहूनच जाते. तुम्ही आला नाहीत तर तुमचा सराव बुडतोच. शिवाय त्या दिवशी तुमच्यासमोर उभा राहणारा जोडीदारही रिकामा राहतो. पुढे जे काही लिहिले आहे, ते या एका गोष्टीभोवती आहे.

नोकरी किंवा शिक्षणासाठी जपानमध्ये राहणारे मराठी वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणून तपशील तेथील दोजोंचे दिले आहेत.

काय निवडत आहोत ते आधी समजून घ्यावे

जपानी युद्धविद्यांचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. १८६८ च्या मेइजी स्थित्यंतरापूर्वी स्थापन झालेल्या परंपरांना कोर्यू, म्हणजे जुने प्रवाह, असे म्हणतात. १८७६ मध्ये सर्वसामान्य सामुराईंना सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि तलवार चालवण्याच्या कौशल्याला रोजच्या जीवनात जागा उरली नाही. त्यानंतर शिक्षण आणि व्यक्तिमत्त्वाची जडणघडण हा हेतू पुढे ठेवून ज्या विद्यांची नव्याने मांडणी झाली, त्यांत केंदो (चिलखत घालून बांबूच्या तलवारीने समोरासमोर केली जाणारी तलवारविद्या), ज्युदो, आयकिदो इत्यादी येतात. अखिल जपान केंदो महासंघ १९५२ मध्ये स्थापन झाला आणि १९७५ मध्ये त्याने केंदोची संकल्पना अधिकृतपणे लिहून काढली. तलवारीच्या तत्त्वांच्या आचरणातून माणूस घडवणे हा तिचा गाभा आहे. इआइदो या विद्येत म्यानातून तलवार उपसणे, वार करणे आणि ती पुन्हा म्यानात घालणे यांचा एकट्याने सराव केला जातो. महासंघाच्या इआइदोमध्ये आज १२ काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, आहेत. त्यांपैकी ७ काता १९६९ मध्ये निश्चित झाल्या, १९८० मध्ये ३ आणि २००० मध्ये २ वाढवल्या गेल्या.

कोर्यूचे जग वेगळे आहे. चिबा प्रांतातील कातोरी देवस्थानाशी जोडलेली तेनशिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू ही परंपरा पंधराव्या शतकात इइझासा इएनाओ यांनी सुरू केली आणि १९६० मध्ये चिबा प्रांताने तिला अमूर्त सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. तेथे प्रवेश घेणारा शिष्य शपथपत्रावर सही करून त्यावर स्वतःच्या रक्ताचा ठसा उमटवतो. या प्रथेला केप्पान म्हणतात. परंपरेतील गोष्टी बाहेर, अगदी घरच्यांनाही, सांगणार नाही आणि परवानगीवाचून इतर परंपरांतील लोकांशी सामने करणार नाही, अशी वचने त्यात असतात. आपल्याकडे शास्त्रीय संगीतात गंडा बांधून शागीर्द होणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला केप्पानचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शिष्य घराण्यात प्रवेश करतो, आणि त्या घटकेपासून घराण्याचे नाव त्याच्या वागण्याशी बांधले जाते.

माझे मत असे आहे की ज्याला आपण किती काळ जपानमध्ये राहणार हे निश्चित सांगता येत नाही, त्याने कोर्यूच्या दारात घाईने जाऊ नये. केंदोचे क्लब जवळजवळ प्रत्येक शहरात असतात आणि बदली झाली तरी दुसऱ्या गावी सराव चालू राहतो. कोर्यूचे तसे नाही, तेथे गुरू जेथे असतो तेथेच विद्या असते. निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही प्रकार डोळ्यांनी पाहावेत. तोक्योतील मेइजी देवस्थानात ३ नोव्हेंबरला जुन्या परंपरांची प्रात्यक्षिके होतात, ती सर्वांना पाहता येतात, आणि एकाच दिवशी इतक्या शैली एकत्र पाहण्याची दुसरी सोय क्वचितच मिळते.

स्वतःचा हिशेब

दोजो निवडताना त्याची कीर्ती पाहण्याआधी घरापासूनचे किंवा कार्यालयापासूनचे अंतर पाहावे. प्रवासाला पाऊण तासापेक्षा अधिक वेळ लागत असेल, तर जूनमधील पावसाळी संध्याकाळी किंवा जानेवारीतील थंडीत तुम्ही निघणार नाही, हे मी पुष्कळ जणांच्या बाबतीत पाहिले आहे. थोर शिक्षकाकडे महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा घराजवळच्या साध्या क्लबमध्ये आठवड्यातून दोनदा जाणे नवशिक्याला कितीतरी अधिक देते. कार्यालयातील उशिरापर्यंतचे काम, घरातील लहान मुले, भारतात जाण्याच्या सुट्ट्या या सर्वांचा विचार घरच्यांसोबत बसून आधीच करावा. ज्या दोन संध्याकाळी तुम्ही घरी नसाल, त्या संध्याकाळींचा भार दुसरे कोणीतरी उचलणार असते, आणि त्या व्यक्तीची संमती ही तुमच्या सरावाची पहिली अट आहे.

नेमणूक एक-दोन वर्षांचीच असेल तर तसे शिक्षकांना प्रवेशाच्या वेळीच सांगावे. बहुतेक शिक्षक त्यामुळे नकार देत नाहीत, पण हे लपवून ठेवलेले त्यांना आवडत नाही.

पाहायला जाणे

प्रवेशाआधी सराव पाहायला जाण्याला केनगाकु म्हणतात. ही औपचारिकता समजून टाळू नये. तुम्ही दोजोला पाहता त्या वेळी दोजोही तुम्हाला पाहत असतो. आधी ईमेल किंवा दूरध्वनी करून दिवस ठरवावा, वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे आणि चपला दारात, टाचा आतल्या बाजूला राहतील अशा नीट लावून ठेवाव्यात. आत पाऊल ठेवताना दर्शनी बाजूकडे वळून वाकून नमस्कार करावा. केंदोचे कित्येक क्लब स्वतःची वास्तू नसलेले, महापालिकेच्या क्रीडागृहात भरणारे असतात, तरीही जमीन तीच आणि नमस्कारही तोच. दोजो हा शब्द संस्कृतातील बोधिमंड या बौद्ध संज्ञेच्या चिनी भाषांतरातून आला आहे. ज्ञानप्राप्तीचे स्थान असा त्याचा मूळ अर्थ आहे. तालमीत उतरताना लाल माती कपाळाला लावणाऱ्या मराठी माणसाला यात परके काही नाही.

पाहताना सांगितलेल्या जागीच बसावे. दर्शनी भिंतीजवळची बाजू मानाची, तिला कामिझा म्हणतात. दाराजवळची बाजू शिमोझा, आणि पाहुण्याला व नवशिक्याला तीच शोभते. हाताची घडी घालून, भिंतीला टेकून किंवा पाय पसरून बसू नये, परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये आणि जमिनीवर ठेवलेली तलवार, मग ती लाकडाची असो वा बांबूची, कधीही ओलांडू नये. संपूर्ण सराव संपेपर्यंत थांबावे. अर्ध्यातून उठून गेलेल्या माणसाने जे पाहायला हवे होते ते बहुधा पाहिलेलेच नसते, कारण दोजोचा स्वभाव शेवटच्या पंधरा मिनिटांत दिसतो: दमलेल्या माणसांशी ज्येष्ठ कसे वागतात, चूक झालेल्या मुलाशी शिक्षक कोणत्या सुरात बोलतात, आणि शेवटी जमीन पुसायला कोण उठते. ज्येष्ठही फडके हातात घेत असतील तर तो दोजो चांगला आहे असे समजायला हरकत नाही.

शक्य असल्यास दोन-तीन दोजो पाहावेत, परंतु एकदा निवड झाली की तुलना थांबवावी. एकाच वेळी दोन ठिकाणी प्रवेश घेणे केंदोमध्ये क्वचित चालते. कोर्यूमध्ये ते मुळीच चालत नाही.

प्रवेश

प्रवेशाला न्यूमोन म्हणतात, म्हणजे अक्षरशः दारातून आत येणे. सामान्य क्लबमध्ये एक अर्ज, प्रवेशशुल्क, गेश्शा म्हणजे मासिक शुल्क, आणि क्रीडा-विमा एवढेच असते. ही विमा योजना १ एप्रिल ते ३१ मार्च अशा वर्षाला धरून चालते, त्यामुळे मध्येच प्रवेश घेतला तरी तिची मुदत मार्चअखेरीसच संपते, हे लक्षात ठेवावे. शुल्क रोख द्यायचे असेल तर स्वच्छ नोटा पाकिटात घालून, पाकिटावर नाव आणि महिना लिहून, दोन्ही हातांनी द्यावे. शुल्काबाबत घासाघीस करू नये. पुष्कळ शिक्षक स्वतःची नोकरी सांभाळून, या कामाचे वेतन न घेता शिकवत असतात आणि ते शुल्क जागेच्या भाड्यात व संस्थेच्या वर्गणीत जाते.

साहित्य एकदम विकत घेऊ नये. केंदोमध्ये सुरुवातीला खेळाचे सैल कपडे आणि एक शिनाई, म्हणजे चार बांबूपट्ट्यांची तलवार, पुरेशी असते. केइकोगी आणि हाकामा हा पोशाख त्यानंतर, आणि बोगु म्हणजे चिलखत काही महिन्यांनी, शिक्षकांनी सांगितल्यावरच घ्यावे. पहिल्याच आठवड्यात पूर्ण चिलखत घेऊन आलेले आणि तिसऱ्या महिन्यानंतर दिसेनासे झालेले लोक प्रत्येक दोजोने पाहिलेले आहेत. शिनाई मात्र घेतल्या दिवसापासून सांभाळायला शिकावे: प्रत्येक सरावापूर्वी चारही पट्ट्यांवरून नजर फिरवावी, उकललेला बांबू पॉलिश कागदाने घासावा किंवा पट्टी बदलावी, दोरी आणि मधला चामड्याचा बंध घट्ट आहेत ना हे पाहावे. तुटक्या पट्टीची कूस शिरस्त्राणाच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते. शिस्त म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी प्रथम ही दोन मिनिटांची तपासणी दाखवेन, कारण तिची गरज दुसऱ्या माणसाच्या डोळ्यासाठी असते.

पहिले सहा महिने

या काळात तलवारीपेक्षा बसणे, उठणे, चालणे आणि वाकणे हेच अधिक शिकवले जाते, आणि अनेकांचा धीर येथेच सुटतो. सराव सुरू होताना सर्व जण ज्येष्ठतेनुसार ओळीत बसतात, 'मोकुसो' ही आज्ञा होते आणि काही क्षण डोळे अर्धवट मिटून शांत बसायचे असते. मग दर्शनी बाजूला, शिक्षकांना आणि एकमेकांना असे नमस्कार होतात. सेइझा ही बैठक आपल्या वज्रासनासारखी आहे. बसताना डावा गुडघा आधी टेकवायचा आणि उठताना उजवे पाऊल आधी उचलायचे, हा नियम कमरेला डाव्या बाजूस तलवार आहे असे मानून ठरलेला आहे. गुडघ्याचे दुखणे असेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. मांडी घालून बसण्याची परवानगी मिळते. न सांगता सहन करणे आणि महिन्याभरात गुडघा धरून घरी बसणे, यात कोणाचाच लाभ नाही.

केंदोतील उभे राहणे असे असते: उजवे पाऊल पुढे, डावे मागे, दोन्ही समांतर, मधे मुठीएवढी जागा, डावी टाच किंचित उचललेली. चालताना पाऊल उचलायचे नसते, ते जमिनीवरून सरकवायचे असते. याला सुरिआशी म्हणतात. तलवार धरताना बळ डाव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेत असते. पहिल्या महिन्यात हाताला फोड येतात. डाव्या तळहातावर या दोन बोटांच्या मुळाशी फोड आले असतील तर पकड योग्य मार्गावर आहे. उजव्या हाताला आले असतील तर तुम्ही उजव्या हाताने ओढत आहात. फोडांकडे पाहून स्वतःची चूक ओळखण्याची सवय लावून घ्यावी. डाव्या पायाच्या घोट्यामागच्या शिरेवर या हालचालीचा फार ताण येतो, म्हणून सरावाआधी अंग मोकळे करण्याचा भाग कधीही चुकवू नये आणि त्यासाठी वेळेवर पोहोचावे.

सराव संपल्यावर प्रत्येक शिष्य ज्या-ज्या ज्येष्ठाबरोबर त्याने सराव केला त्याच्यासमोर जाऊन बसतो आणि नमस्कार करून एखादी सूचना ऐकतो. हे क्षण मौल्यवान असतात. ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये, 'पण मला असे वाटले की' अशी सुरुवात करू नये; 'हाय', म्हणजे जपानीत 'हो', म्हणावे, घरी जाऊन ते एक वाक्य वहीत लिहावे आणि पुढच्या सरावात तेवढ्याच गोष्टीवर लक्ष ठेवावे. प्रश्न विचारूच नयेत असा याचा अर्थ नाही. आधी सांगितलेले करून पाहावे, मग अडचण विचारावी, हा क्रम तेथे अपेक्षित असतो, आणि करून पाहिल्यावर निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

दोजोनंतर एकत्र जेवायला किंवा प्यायला जाण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. शाकाहारी किंवा मद्य न घेणाऱ्या माणसाने त्याची धास्ती घेऊ नये. चहा घेऊन बसलेले चालते, आणि मैदानावर कडक वाटणारे ज्येष्ठ तेथे मोकळेपणाने बोलतात. प्रत्येक वेळी जाणे आवश्यक नाही, पण कधीच न जाणे बरे नव्हे.

घरचा सराव

कागोशिमा येथील जिगेन-र्यू या परंपरेत जमिनीत पुरलेल्या उभ्या खांबावर लाकडाच्या दांडक्याने सकाळी ३,००० आणि संध्याकाळी ८,००० वार करावेत अशी जुनी शिकवण सांगितली जाते. हा आकडा वाचून नवशिके भारावून जातात आणि घरी पहिल्याच आठवड्यात पाचशे वार करून खांदा दुखावून घेतात. त्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की दिवसाला ५० वार घ्यावेत, मात्र प्रत्येक वार वेगळा मानावा: डावी मूठ मध्यरेषेवरून ढळली का, खांदे वर आले का, वार थांबला तेव्हा मनगटे आतल्या बाजूस वळलेली होती का. या कोरड्या वारांना सुबुरी म्हणतात. पन्नासांपैकी अकरावा बिघडला हे ज्याला जाणवते, त्याचे हजार वार पुढे उपयोगी पडतील. ज्याला जाणवत नाही, तो चूकच पक्की करत असतो.

जपानी घरांचे छत बुटके असते आणि प्रौढांची शिनाई जवळजवळ १२० सेंटिमीटरची, त्यामुळे खोलीत सराव करण्यासाठी आखूड दांडके वापरावे, किंवा जवळच्या बागेत पहाटे जावे. बाहेर नेताना लाकडी किंवा बांबूची तलवार पिशवीत झाकून न्यावी. एका छोट्या वहीत तारीख, वारांची संख्या आणि त्या दिवशी ध्यानात आलेली एकच गोष्ट लिहावी. गायकाचा रियाज जसा तानपुरा जुळवण्यापासून सुरू होतो, तसा हा सरावही नीट उभे राहण्यापासून सुरू करावा, आणि उभे राहणे जमले नाही त्या दिवशी तेवढ्यावरच थांबले तरी चालेल.

जो हरतो तो ज्येष्ठ

जोडीच्या कातामध्ये दोन भूमिका असतात. उचिदाची आधी वार करतो आणि शेवटी हरतो; शिदाची त्याला उत्तर देतो आणि जिंकतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जिंकणारा ज्येष्ठ असेल. प्रत्यक्षात उचिदाची हा नेहमी ज्येष्ठ किंवा गुरू असतो. १९१२ मध्ये निश्चित झालेल्या केंदोच्या १० कातांमध्ये हीच मांडणी आहे आणि जुन्या तलवार-परंपरांतही सामान्यतः तीच आढळते. ज्येष्ठ योग्य अंतरावरून, योग्य वेळी, खरा वार करतो, तुम्हाला पुरेसा धोका जाणवेल इतका खरा, आणि मग तुमच्या तलवारीसाठी स्वतःचे डोके किंवा मनगट मोकळे ठेवतो. तुम्ही उशीर केला तर तो वाट पाहतो. तुम्ही घाई केली तर तो आपला वार न बदलता तुम्हाला तुमची घाई दिसू देतो. सत्तरीतील माणूस आठवड्यातून दोनदा येऊन, वर्षानुवर्षे, नवशिक्यांच्या हातून असा हरत राहतो.

मी सुरुवातीच्या काळात हे समजून घेतले नव्हते. एकदा कामाचा थकवा असे कारण स्वतःला सांगून सलग तीन सराव चुकवले आणि कळवलेही नाही. चौथ्या वेळी गेलो तेव्हा कोणीही रागावले नाही. माझ्याबरोबर काता करणारे वयस्कर गृहस्थ मात्र त्या तीनही दिवशी तासभराचा प्रवास करून आले होते, आणि विषम संख्या झाल्यामुळे भिंतीजवळ बसून राहिले होते, हे मला दुसऱ्याकडून कळले. त्यानंतर येता येणार नसेल तर दुपारपर्यंत कळवायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

म्हणून गैरहजेरीविषयी व्यवहार असा ठेवावा: आजारी असाल तर येऊ नये, पण कळवावे, कारणांचा पाढा वाचू नये, एक ओळ पुरते. दुखापत असूनही चालता येत असेल तर सराव पाहायला यावे. याला मितोरी-गेइको म्हणतात, म्हणजे पाहून घेतलेला सराव. वही घेऊन, एकाच ज्येष्ठाच्या पायांकडे तासभर पाहत बसावे. दुखापतीच्या काळातल्या अशा बसण्याने माझ्या चालण्यात जो फरक पडला, तो आधीच्या कित्येक महिन्यांच्या धडपडीने पडला नव्हता.

जानेवारीतील कडाक्याच्या थंडीत कान-गेइको नावाचा विशेष सराव असतो. ज्युदोच्या कोदोकान या मूळ संस्थेत तो दहा दिवस, पहाटे ५:३० ला सुरू होतो. केंदोच्या दोजोंमध्ये दिवस कमी-अधिक असतात. पहिल्या वर्षीच त्यात भाग घ्यावा. गोठलेल्या लाकडी जमिनीवर अनवाणी उभे राहिल्यावर पहिली पाच मिनिटे फार कठीण जातात, पण त्या वेळी सर्वांच्याच पायांना तीच थंडी लागत असते आणि दोजोमध्ये तुमचे नाव खऱ्या अर्थाने लक्षात राहते ते त्या आठवड्यानंतर.

परीक्षा आणि रेंगाळलेले दिवस

केंदोमध्ये आधी क्यू आणि मग दान अशा श्रेणी आहेत. पहिल्या दाननंतर दुसऱ्यासाठी किमान १ वर्ष थांबावे लागते, तिसऱ्यासाठी आणखी २, चौथ्यासाठी ३, पाचव्यासाठी ४, सहाव्यासाठी ५ आणि सातव्यासाठी ६ वर्षे. आठव्या दानसाठी सातवी मिळून १० वर्षे झालेली असावी लागतात आणि वय किमान ४६ असावे लागते. त्या परीक्षेत शंभरातील एखादाच उत्तीर्ण होतो. एकाही परीक्षेत अनुत्तीर्ण न होणाऱ्याला पहिल्यापासून आठव्यापर्यंत ३१ वर्षे लागतात. हा हिशेब घाबरवण्यासाठी सांगत नाही. वर्षाच्या आत काळा पट्टा मिळवण्याची कल्पना मनात घेऊन येणाऱ्याने ती दारातच ठेवावी, एवढ्यासाठी सांगतो. केंदोमध्ये श्रेणी दाखवणारा पट्टाच नसतो, आणि कोण कितव्या दानचा आहे हे पोशाखावरून कळत नाही.

परीक्षेला कधी बसायचे हे शिक्षक ठरवतात. स्वतःहून विचारणे तितकेसे चांगले दिसत नाही. अनुत्तीर्ण झाल्यास पुढच्या सरावाला अवश्य यावे, त्याच दिवशी, त्याच वेळेला.

दुसऱ्या वर्षाच्या सुमारास बहुतेकांची प्रगती थांबल्यासारखी होते. नवे काही शिकवले जात नाही, जुने बिघडल्यासारखे वाटते आणि आपल्यानंतर आलेला विद्यार्थी पुढे गेलेला दिसतो. जपानी परंपरेत शिकण्याच्या तीन अवस्था सांगतात: शु म्हणजे जसेच्या तसे पाळणे, हा म्हणजे त्यातून बाहेर पडणे आणि रि म्हणजे त्यापासून मुक्त होणे. तीन वर्षांचा माणूस शु च्या पहिल्या भागात असतो. त्या काळात स्वतःची शैली शोधू नये आणि यूट्यूबवरील दुसऱ्या दोजोचे तंत्र आपल्या सरावात आणू नये. केइको या जपानी शब्दाचा मूळ अर्थच जुन्याचा विचार करणे असा आहे. अशा रेंगाळलेल्या महिन्यांत वहीतील पहिल्या सहा महिन्यांची पाने काढून वाचावीत; त्या वेळी मिळालेली सूचना आता प्रथमच समजते, असे पुष्कळदा होते.

कडकपणा आणि मारहाण

शिस्तीच्या नावाखाली सर्व काही सहन करावे, असे मी कोणालाही सांगणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये जपानच्या राष्ट्रीय संघातील १५ महिला ज्युदोपटूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध तक्रार केल्याचे उघड झाले आणि संपूर्ण देशात या प्रश्नावर चर्चा झाली. त्यानंतर बुदो, म्हणजे जपानी युद्धविद्या, शिकवणाऱ्या संस्थांनी हिंसेविरुद्ध उघड भूमिका घेतली. दमेपर्यंत सराव करून घेणे, तीच चूक पन्नास वेळा दुरुस्त करायला लावणे, उशिरा आलेल्याला कडक शब्दांत सांगणे हा कडकपणा आहे. चिलखत नसलेल्या अंगावर मुद्दाम मारणे, अपमानास्पद बोलणे, जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात पाणी पिऊ न देणे, दुखापत लपवायला भाग पाडणे ही शिस्त नव्हे. असे आढळले तर तो दोजो सोडावा आणि लहान मुले तेथे शिकत असतील तर पालकांना सांगावे. आपली निष्ठा विद्येशी आणि आपल्याला घडवणाऱ्या माणसांशी असते. आपल्याला मोडणाऱ्या माणसाशी ती असण्याचे कारण नाही.

थांबावे लागले तर

बदली, बाळंतपण, आई-वडिलांचे आजारपण अशा कारणांनी सराव थांबवण्याची वेळ येतेच. न सांगता येणे बंद करू नये. शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून, ते शक्य नसेल तर पत्राने, कारण आणि अंदाजे मुदत सांगावी. बहुतेक दोजोंमध्ये काही काळाची रजा घेण्याची सोय असते. उसने घेतलेले साहित्य धुऊन, पुसून परत करावे. कोर्यूमध्ये शपथ घेतली असेल तर जे शिकलो ते भारतात जाऊन परवानगीशिवाय शिकवू नये, वर्ग उघडू नयेत, चित्रफिती टाकू नयेत. गुरूने विश्वासाने दिलेली गोष्ट परत घेण्याचा त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो.

परत येणे अवघड वाटते, विशेषतः वर्ष-दोन वर्षांनी, कारण आपण मागे पडलो याची लाज असते. त्या दिवशी वीस मिनिटे आधी पोहोचावे, कोपऱ्यातले फडके भिजवून पिळावे आणि कोणी सांगायची वाट न पाहता जमीन पुसायला सुरुवात करावी. ओळ लागली की सर्वांत शेवटी, दाराजवळ बसावे. तुमची जागा कोणती हे ज्येष्ठ तुम्हाला नंतर सांगतील.